माझ्या जागी बसलेला गूळ

रत्नागिरीची माणसं कोल्हापूरला जातात ती देवीसाठी, चपलांसाठी, नाहीतर मटणासाठी. मी या तिन्हींपैकी काहीच न करता चार दिवसांनी परत आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग गेली होतीस कशाला?" मी म्हटलं, "वजन करायला." काकूंना ती थट्टा वाटली. पण उत्तर खरंच होतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषद शाळांची केंद्रप्रमुख. म्हणजे भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरच्या बारा शाळांना भेटी द्यायच्या, हजेरी बघायची, मुलांना दोन प्रश्न विचारायचे, गुरुजींचा चहा प्यायचा आणि पुढच्या शाळेला लागायचं. त्यातल्या काही शाळांना एसटी दिवसातून दोनदा, आणि दोन शाळांना देवाच्या भरवशावर. म्हणून मी अडतिसाव्या वर्षी मोटारसायकल शिकले आणि एक जुनी, शंभर सीसीची, एमएच ०९ नंबरची गाडी घेतली. गावात थोडी चर्चा झाली. मग चर्चेला दुसरे विषय मिळाले.

गाडी पहिल्यापासून हातांना त्रास द्यायची. खड्ड्यातून गेली की हादरा थेट मनगटांत, तिथून खांद्यांत. मे महिन्यात एका उतारावर, जांभ्याच्या बारीक खडीवर, वळणात पुढचं चाक टुणटुण उडालं आणि मी आडवी झाले. गळपट्टीचं हाड मोडलं. दोन महिने हात गळ्यात. पुन्हा गाडीवर बसले ती भीती बरोबर घेऊनच. वळण दिसलं की मी आधीच गिअर उतरवायचे. गावातल्या दोन्ही मेकॅनिकांनी गाडी फिरवून बघितली आणि सांगितलं, "बाई, गाडी टकाटक आहे." नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही; पण गाडीत दोष नाही म्हटल्यावर तो उरला कुणात, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शेवटी माझा नवरा सुधीर यानं त्याच्या कचेरीतल्या मयेकरांना शब्द दिला : सुट्टी संपायच्या आदल्या रविवारी या, गाडी तुमची. मीही केंद्रप्रमुखपद सोडून परत वर्गावर जाते, असा अर्ज लिहून कपाटात ठेवला. वर्ग मला आवडायचा. पण तो अर्ज लिहिताना मला वर्ग आठवत नव्हता, ते वळण आठवत होतं, आणि त्याचा मला भयंकर राग आला होता.

गाडी धुताना मागच्या मडगार्डावर एक अर्धवट सोलवटलेलं स्टिकर दिसलं. कोल्हापूरच्या मार्केट यार्डाजवळचं एक गॅरेज. मी सुधीरला म्हटलं, "जिथं ही गाडी लहानाची मोठी झाली तिथं एकदा दाखवून येते. तिथंही टकाटक म्हणाले, तर मयेकरांना पेढे मी देईन."

शुक्रवार : घाटाखाली, घाटावर

साखरप्यापर्यंत मी बरी होते. आंबा घाट सुरू झाला आणि दोन्ही हात हँडलला चिकटले. ताशी वीसच्या वेगानं, प्रत्येक वळणाला मनात नमस्कार करत मी चढत होते. मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता शांतपणे मला पुढे घालून आणलं. त्याची ती शांतता मला हॉर्नपेक्षा जास्त लागली.

आमच्याकडे घाटाखालच्या टपरीवर "चहा घेणार काय?" असं विचारतात, आणि त्या विचारण्यातच 'नको म्हटलंत तरी चालेल' असं एक दार उघडं ठेवलेलं असतं. घाटमाथ्यावरच्या टपरीवाल्यानं काही विचारलं नाही. कप समोर आदळला. "प्या की! गारठलायसा." मी मुकाट्यानं प्याले. नंतरचे तीन दिवस मी हेच करत होते.

घाट संपला की जमिनीचा रंग बदलतो. तांबडी माती मागे पडते, काळी लागते, आणि मग मलकापूर सोडलं की हळूहळू ऊस सुरू होतो. दिवाळी नुकतीच झालेली, गुऱ्हाळं पेटलेली. वाऱ्याबरोबर उसाच्या रसाचा आटलेला, किंचित करपट वास येत होता. नारळ-पोफळीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला इतकं उघडं आभाळ बघून उगाचच आपण काहीतरी घरी विसरलो, असं वाटतं.

गॅरेज सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याचं एक लांबट शेड, शेजारी गुळाचं आडत दुकान, आणि दोन्हींच्या मधे हमालांची वर्दळ. गॅरेजचे मालक शिवाप्पा मिस्त्री म्हणजे पन्नाशीचे, ठेंगणे, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे आणि हात कोपरापर्यंत काळे.

"गाडी कुणाची?"

"माझी."

"मालक कुठं हायत?"

"मालक मीच."

त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा गाडीकडं बघितलं. पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे हा प्रश्न मला वेगवेगळ्या माणसांनी सहा-सात तऱ्हांनी विचारला असता. मी सगळी हकिगत सांगितली, पडल्याचीसुद्धा. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं, सगळा भार टाकून दाबलं आणि सोडून दिलं.

"नव्या नवरीगत ताठ हाय की ही," ते म्हणाले. "उद्या खोलू. दिवेलागणीला शॉकअप खोलत न्हाय मी."

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या उभ्या नळ्या असतात, ज्यांच्या आत स्प्रिंग आणि तेल असतं, त्यांना सगळे मेकॅनिक शॉकअप म्हणतात. मीही आता तसंच म्हणते.

तेवढ्यात शेडच्या मागच्या दारातून त्यांच्या पत्नी, महादेवीताई, बाहेर आल्या. घर गॅरेजच्या मागेच होतं. मी देवळाजवळच्या धर्मशाळेत उतरणार असं सांगितल्यावर त्या इतक्या मोठ्यानं "का?" म्हणाल्या, की एका हमालानं पाठीवरचं पोतं खाली ठेवून वळून बघितलं.

"घर असताना धर्मशाळा? चला आत, अक्का. ती पिशवी हिकडं आणा."

पिशवी मी दिली नाही. ती त्यांनी घेतली.

घर लिंगायतांचं, म्हणजे शुद्ध शाकाहारी. रस्ताभर मनात शिजवलेला माझा तांबडा रस्सा तिथंच थंड झाला. ताटात आली ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि सुरीनं कापावं असं दही. खर्डा मी नखाएवढा घेतला आणि तरीही थोडा वेळ मला ऐकू येईनासं झालं. माशांशिवाय जेवण म्हणजे आमच्याकडे एकादशी. पण ती वांगी मला आजही आठवतात. नवराबायको सारखे एकमेकांवर ओरडत होते. मला वाटलं माझ्यामुळे भांडण जुंपलं. नंतर कळलं की ते सकाळी किती दूध घ्यायचं ते ठरवत होते, आणि दोघांचं एकमत होतं.

शनिवार : दोन तुकडे

सकाळी मिस्त्रींनी पुढचं चाक ठोकळ्यावर अधांतरी उचललं, दोन्ही शॉकअपच्या वरचे नट सोडवले, आणि आत बोट घालून एक चकचकीत लोखंडी नळीचा तुकडा बाहेर काढला. दुसऱ्यातूनही तसाच. तीन-तीन बोटं लांबीचे. त्यांनी ते पालथे करून बघितले, कडेवर अंगठा फिरवला आणि एकदम खाली बसले.

"ह्ये तुकडं मीच कापल्यात की ओ."

एका कडेला छिन्नीची बारीक खूण होती, ती त्यांची होती. मग सगळी गोष्ट बाहेर आली. गाडी मूळची मुरगूडकडच्या एका पाटलांची. गडी अंगानं शंभराच्या पुढं, वर दोन्ही बाजूंना भरलेले दुधाचे कॅन. खड्डा आला की गाडीचं नाक धाडकन बसायचं. म्हणून मिस्त्रींनी स्प्रिंगच्या वर हे तुकडे बसवले, स्प्रिंग आधीच दाबून ठेवली, आणि पाटील खूश झाले. पुढं पाटलांनी गाडी बदलली, ही गाडी हस्ते परहस्ते घाट उतरली, आणि माझ्याकडं आली.

"पाटलाला बरोबर बसली हुती," ते म्हणाले. "तुमी बसलासा की स्प्रिंगला कळतबी न्हाय कोन बसलंय ते. चाक खड्ड्यात दबायचं सोडून उडतंय. उडालं की भुई सुटली. तुमचा काय बी गुन्हा न्हाय, बाई."

मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. चार महिने मी रात्रंदिवस स्वतःला भित्री म्हणत होते. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते सहा बोटं लोखंडानं वाकडं झालं होतं. महादेवीताईंनी माझं रडणं बघून चहा आणला. विचारला नाहीच.

मी धावत जाऊन फोनच्या बूथवरून सुधीरला कळवलं. तो खूश झाला, मग जरा थांबून म्हणाला, "पण मयेकरांना मी शब्द दिलाय." सुधीरच्या घरात शब्द दिला म्हणजे लग्न ठरलं. मी म्हटलं, "आधी गाडी नीट होऊ दे, मग बघू."

आता गाडी माझ्या वजनाची करायची होती. हिशेब मिस्त्रींनी सोपा करून सांगितला. चाक अधांतरी असताना शॉकअपची चकचकीत नळी किती उघडी दिसते ते बघायचं. मग चालवणारा बसला की ती किती आत जाते ते बघायचं. दोन बोटं गेली पाहिजेत. त्याहून कमी गेली तर गाडी ताठ. जास्त गेली तर मऊ, ब्रेक मारला की नाक घासणार.

मी लगेच पदर खोचल्यासारखी पुढं झाले, म्हणजे सलवार-कमीजवर जर्किन चढवलं, आणि गाडीवर बसायला निघाले. मिस्त्री दोन पावलं मागं सरले.

"तुमी कशाला? तुमी बसा की बाकावर. वजन सांगा फकस्त." हे ते भिंतीकडं बघून म्हणाले.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी बसणार, ते माझ्या गुडघ्यापाशी वाकून पट्टी लावणार, पुन्हा उठवणार, पुन्हा बसवणार, आणि समोर यार्डातले वीस हमाल. परक्या गावची शाळेची बाई, घरची पाहुणी. त्यांना ते बरं वाटेना. ज्या बाईनं दीडशे किलोमीटर गाडी हाकत आणली, तिला उभ्या गाडीवर बसवायला हा माणूस लाजत होता. मला रागही आला आणि बरंही वाटलं. पाहुणचार होता, मोडवेना.

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं. "हेल्मेट, जर्किन, आणि हजेरीपुस्तकांची पिशवी धरून चोपन्न."

शेजारच्या आडत दुकानातून मिस्त्रींचे थोरले बंधू ओरडले, "पाच रवं! पाच रवं बी भरत न्हाईत!"

गुळाच्या ढेपेला तिथं रवा म्हणतात. बंधूंच्या दुकानातून दहा-दहा किलोचे चार रवे आले, वर किलोकिलोचे आठ छोटे. गोणपाट अंथरून ते सगळे माझ्या सीटवर रचले, दोरीनं आवळले, आणि वजन चुकायला नको म्हणून वर माझं हेल्मेट बसवलं. पिशवी मागं अडकवली. हमाल कामं सोडून गोळा झाले. एकानं हात जोडून विचारलं, "बाई, घाट चढवतासा का ह्येंला?" बंधू म्हणाले, "लई गोड सोभाव हाय बाईंचा."

अशा रीतीनं माझ्या गाडीवर माझ्या जागी गूळ बसला होता आणि मी बाकावर चहा पीत होते. मिस्त्री मात्र अत्यंत गंभीरपणे मापं घेत होते. दोन्ही तुकडे काढूनच टाकले, तेव्हा कुठं नळी बरोबर दोन बोटं आत गेली. तेल बदललं, नट आवळले. सगळा गूळ परत दुकानात गेला. एक किलोचा रवा महादेवीताईंनी माझ्या पिशवीत टाकला. "ह्येनं तुमची जागा राखली न्हवं," त्या म्हणाल्या.

रविवार : पन्हाळ्याचं वळण

गाडी तपासायला मिस्त्रींनी मला पन्हाळ्यावर धाडलं. चढ हाय, उतार हाय, वळणं हायत, समदं कळतंय, असं म्हणाले.

वाघबीळपर्यंत मी गात होते. खरंच गात होते. हेल्मेटच्या आत कोणाला ऐकू येत नाही. रस्त्यातले खड्डे जणू कोणी बुजवून ठेवले होते. मनगटं मोकळी. चढावर गाडी मांजरासारखी गेली. पन्हाळ्यावर तीन दरवाज्यापाशी सुट्टीतसुद्धा एका शाळेची सहल आली होती. सवयीनं मी मुलं मोजली, बेचाळीस भरली, आणि त्यांच्या गुरुजींनी माझ्याकडे संशयानं बघितलं. तटावरून खाली उसाचे हिरवे चौकोन आणि मधे गुऱ्हाळांचे धूर सरळ वर जात होते. आमच्याकडे धूर कधी सरळ जात नाही, समुद्राचा वारा त्याला वाकवतो. मडक्यातलं दही खाल्लं, घरच्यांसाठी भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि उतरायला लागले.

दुसऱ्याच वळणावर म्हशींचा कळप रस्त्यात आला. मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक सर्रकन खाली गेलं, आतून 'ठक' असा आवाज आला, मागचं चाक हलकं झालं, आणि माझं सगळं अंग पुढच्या चाकावर आलं. पडले नाही. म्हशीपासून हातभर अंतरावर थांबले. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत राहिली.

गाडी बाजूला लावून मी कठड्यावर बसले. पहिला विचार आला तो जुनाच : गाडी मिस्त्रींनी नीट केली, आता तरी कबूल कर, दोष तुझाच आहे. अर्ज कपाटात तयार आहे, मयेकर पुढच्या रविवारी यायचेत. मी पिशवीतला गुळाचा रवा काढला, दगडानं फोडला, एक खडा तोंडात टाकला आणि गाडीकडं बघत बसले.

तोंडात गूळ विरघळत होता तेव्हा मला गाडीच्या सीटवरची कालची ती मूर्ती दिसली. हेल्मेट घातलेली, दोरीनं बांधलेली, सरळ ताठ. आणि मी? मी उठून गाडीवर बसले. पाय जमिनीला टेकलेले नव्हे, फूटरेस्टवर ठेवून, कठड्याला कोपर लावून. माझी पाठ पुढं झुकलेली, दोन्ही हात हँडलवर, छातीचा सगळा भार मनगटांतून खाली. गूळ हँडल धरत नव्हता. गूळ सीटच्या मागच्या अंगाला बसला होता आणि त्याचं ओझं मागच्या चाकावर जात होतं. मी सतरा वर्षं पोरांना पट्टी आणि खोडरबर घेऊन तरफ शिकवली. वजन किती यापेक्षा ते कुठं ठेवलंय हे महत्त्वाचं, हे सातवीच्या पोराला विचारलं तरी सांगेल. बाकावर बसून चहा पिताना ते मला सुचलं नव्हतं, कारण चहा चांगला होता.

उरलेला पन्हाळा मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. घाबरत नव्हते. कारण माहीत असलेली भीती वेगळी असते. ती हातात धरता येते.

गॅरेजमध्ये मी सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी हात फडक्याला पुसले. मग त्यांनी कानाची पाळी धरली. "चूक झाली. ज्येचं माप त्येलाच बशीवून घ्यायचं, ह्ये मला माझ्या आप्पांनी शिकीवलं हुतं." थोरले बंधू दुकानातून हसत सुटले. महादेवीताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला कानडीत काहीतरी सुनावलं, ते दोन मिनिटं चाललं, आणि मग मराठीत माझ्याकडं वळल्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना जातो, येतो म्हणतात, ते मला पहिल्यापासून फार रुबाबदार वाटत होतं.

"अक्का, बसा गाडीवर. माप मी घेतो."

देव्हाऱ्यातल्या हारातून त्यांनी दोरा ओढून काढला आणि शॉकअपच्या चकचकीत नळीवर, अगदी खालच्या रबरापाशी, गुंडाळून बांधला. मिस्त्री गाडीच्या मागं जाऊन, आभाळाकडं बघत, गाडी सरळ धरून उभे राहिले. मी हेल्मेट घातलं, जर्किन घातलं, पिशवी अडकवली, पाय वर घेतले आणि घाटात बसते तशी पुढं झुकून बसले. हमाल पुन्हा जमले होते. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. पण काल हात जोडणारा तोच माणूस म्हणाला, "गप ऱ्हावा रं, माप चाललंय." आणि सगळं यार्ड गप्प झालं.

मी उतरले. दोरा नळीवर वर सरकला होता. महादेवीताईंनी बोटं लावली.

"चार."

"चार कशी?" मागून मिस्त्री ओरडले. "दोनाची फार तर तीन झाली आसतील."

"तुमची बोटं काकडीएवढी. माझी चार!"

यावर पुन्हा दूध किती घ्यायचं त्या सुरात चर्चा झाली. शेवटी शाळेच्या पिशवीतली माझी पट्टी काढली आणि बोटांची भानगड मिटली. मिस्त्रींनी काढून ठेवलेल्या जुन्या तुकड्यांतून एकेक बोट कापलं, घासलं, आत टाकलं. मी पुन्हा बसले. पुन्हा कापलं, जराशी चकती वाढवली. पुन्हा बसले. सात वेळा बसले-उठले. सातव्या वेळी पट्टीवर माप बरोबर उतरलं, तेव्हा महादेवीताईंनी तो दोरा तोडून माझ्या मनगटाला बांधला.

सोमवार : घाट उतरताना

निघताना मिस्त्रींनी मला कागदात गुंडाळलेले दोन तुकडे दिले. जुन्या नळ्यांतले उरलेले, दोन-दोन बोटांचे.

"ह्ये जपून ठेवा. उद्या गाडी इकायची झाली, तर घेणाऱ्याच्या हातात द्या. कंचाबी मेकॅनिक अर्ध्या तासात बसवंल. जड मानसाला पुन्ना बरोबर हुईल."

गाडी विकायचं ठरलंय, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते नुसतेच म्हणाले होते.

आंबा घाट उतरताना वळणं आली तशी गेली. पुढचं चाक जमिनीला धरून होतं आणि मला ते हातांत कळत होतं. मी काही फार जोरात गेले नाही. पण खालच्या टपरीवर "चहा घेणार काय?" असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "विचारता काय, द्या की!" आणि टपरीवाला दचकला.

पुढचा रविवार : घरी

मयेकर दहाच्या ठोक्याला आले. चांगला माणूस, वजनानं नव्वद किलोच्या आसपासचा. मी आल्या दिवशीच सुधीरला सगळं सांगितलं होतं. गूळ, म्हैस, दोरा, आणि ते दोन तुकडेही दाखवले होते. मला गाडी विकायची नाही, हेही सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तुझं खरं आहे. पण शब्द माझा गेलाय. त्यांना नाही कसं म्हणू?" यावर आमचं भांडण झालं नाही. तुकडे ओटीवरच्या स्टुलावर तसेच पडले होते.

मयेकर गाडीवर बसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. गाडी पुढून खाली वाकली, वाकलेलीच राहिली. ते कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, परत येताना ब्रेक मारला तेव्हा गाडीनं जवळजवळ जमिनीला नमस्कार केला. ते उतरले आणि बराच वेळ पुढच्या चाकाकडं बघत राहिले.

"सुधीर, रागावू नकोस हां," ते म्हणाले. "पण ही गाडी पुढून अगदीच गेलीय. बसलीय साफ. वहिनी कशा काय चालवतात कोण जाणे. मला नको बाबा."

सुधीर काही बोलला नाही. मी पण काही बोलले नाही. सांगायचं ते खरं स्टुलावरच, वर्तमानपत्राएवढ्या जागेत पडलं होतं, मयेकरांपासून दोन हातांवर. हातात उचलून द्यायचं, अर्ध्या तासाचं काम. मुलांना मी खोटं बोलू नका म्हणून शिकवते, आणि न बोलणं हेही त्यातलंच, हेही शिकवते.

सुधीरनं माझ्याकडं बघितलं. मग हातातलं वर्तमानपत्र घडी घालून शांतपणे त्या तुकड्यांवर ठेवलं आणि मयेकरांना म्हणाला, "बस ना. चहा घेऊन जा."

त्यानं 'घेणार काय' असं विचारलं नाही. मी आत जाऊन चहा टाकला, त्यात साखरेऐवजी कोल्हापूरचा उरलेला गूळ घातला, आणि कपाटातून तो अर्ज काढून चुलीत सारला.